कष्टकरी बायांच्या मेरीबाई

थोर स्त्रियांची चरित्रे म्हटली की आपल्या स्मरणिकेत जिजामाता, अहिल्यादेवी, सावित्रीबाई यांच्यावर कोणी ना कोणी लिहितेच, आणि ते लिहायलाच हवे. मी यंदा जरा दूरच्या मुलखातल्या एका बाईंची हकीकत सांगणार आहे. त्यांचे नाव मेरी मॅकार्थर. जन्म स्कॉटलंडातल्या ग्लासगो शहरी, १३ ऑगस्ट १८८० रोजी. उणेपुरे चाळीस वर्षांचे आयुष्य त्यांना लाभले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इंग्रजी मजकूर माझ्या भाचीने वाचून अर्थ सांगितला आणि मी तो माझ्या समजुतीप्रमाणे मांडला आहे. भगिनींनी गोड मानून घ्यावा.

पहिल्या महायुद्धात पुरुष लढाईवर गेले आणि विलायतेतल्या बाया कारखान्यांत शिरल्या, एवढे आपण ऐकून असतो. पण १९१८ साली लढाई थांबली, पुरुष परत आले, मग त्या बायांचे काय झाले? ते सहसा कोणी सांगत नाही. मेरीबाईंच्या चरित्रात ते कळते, म्हणून हा विषय घेतला.

मेरीबाईंचे वडील कापडाचे व्यापारी. घर खाऊनपिऊन सुखी. पुढे मंडळी समुद्राकाठच्या एअर गावी राहायला गेली. तिथे मेरी वडिलांच्या दुकानाच्या हिशेबाच्या वह्या लिहीत असे. लिहिण्याची हौस असल्यामुळे गावच्या वर्तमानपत्रातही काहीबाही छापून येई. १९०१ साली दुकानांतल्या नोकरांच्या संघाची गावात सभा होती. मालकाची लेक ती. सभेची जरा थट्टा उडवणारा मजकूर लिहावा म्हणून जाऊन बसली. जॉन टर्नर नावाचे गृहस्थ बोलले. दिवसदिवस उभे राहणे, मालकाच्याच जागेत राहायचे बंधन, बारीकसारीक चुकीला दंड, हे सारे त्यांनी सांगितले. हसायला गेलेली मुलगी विचार करीत घरी आली, आणि थोड्याच दिवसांत त्या संघाच्या गावच्या शाखेची चिटणीस झाली! वडिलांना ते मुळीच रुचले नाही. रुचणार तरी कसे? आपल्याच घरातल्या लेकीने नोकरांची बाजू घ्यावी हे कोणत्या दुकानदाराला सोसेल?

याच कामात मार्गारेट बाँडफील्ड ही मैत्रीण मिळाली. ती स्वतः लहानपणापासून दुकानात नोकरी केलेली. या दोघींचा स्नेह अखेरपर्यंत टिकला. या मार्गारेटबाईंविषयी शेवटी सांगायचे आहे, तेव्हा नाव ध्यानात असू द्यावे.

१९०३ साली मेरीबाई लंडनला गेल्या आणि स्त्रियांच्या कामगार संघांच्या मध्यवर्ती संस्थेच्या चिटणीस झाल्या. वय अवघे बावीस-तेवीस. त्या काळी पुरुषांचे बरेच संघ बायांना सभासद करून घेत नसत. बाई आली की मजुरी पडते, असे त्यांचे म्हणणे. ते अगदीच खोटेही नव्हते, कारण बाईला निम्म्या पैशांत राबवून घ्यायची रीतच होती. म्हणून १९०६ मध्ये मेरीबाईंनी कष्टकरी स्त्रियांचा स्वतंत्र महासंघ काढला. कोणत्याही धंद्यातली बाई त्यात येऊ शके. वर्गणी कमी. एकटी काटकी कोणीही मोडील, पण मोळी मोडत नाही, अशा अर्थाचे त्या सभांतून समजावून सांगत. आपण ही गोष्ट शाळेत म्हाताऱ्याच्या आणि त्याच्या मुलांच्या नावाने शिकलो. पुढच्याच वर्षी त्यांनी कामकरी स्त्रियांसाठी एक नियतकालिकही सुरू केले.

आता घरी बसून काम करणाऱ्या बायांविषयी. हा भाग आपल्याला जवळचा वाटेल. लंडनमध्ये १९०६ साली एक निराळेच प्रदर्शन भरले होते. त्यात वस्तू मांडलेल्या होत्याच, पण त्या करणाऱ्या बायाही बसून काम करून दाखवीत होत्या आणि शेजारी मजुरीचा आकडा लिहिलेला. आगपेटीच्या डब्या चिकटवणाऱ्या बाईला एका ग्रोसला, म्हणजे १४४ डब्यांना, दोन-अडीच पेन्स. आणि खळ तिने पदरची वापरायची. (तिथे तेव्हा बारा पेन्सांचा एक शिलिंग आणि वीस शिलिंगांचा एक पौंड होई.) सदरे शिवणाऱ्या, कागदी फुले करणाऱ्या, सगळ्यांची तीच कथा. बड्या घरच्या स्त्रिया गाडीतून उतरून हे पाहून गेल्या. आपल्या अंगावरची वस्तू कोणत्या खोलीत, कोणत्या उजेडात तयार झाली हे त्यांना तेव्हा कळले म्हणे. साडीला फॉल लावून देणाऱ्या किंवा पापड लाटून देणाऱ्या आपल्यातल्या भगिनींना हा नगावरचा हिशेब नव्याने समजावून सांगायला नको. दोरा आपला, वीज आपली, पाठ आपली. मी स्वतः तीन वर्षे एका दुकानासाठी फॉल लावले आहेत. सणासुदीत साड्यांचे गठ्ठे दुप्पट येत, दर मात्र तोच.

घरोघरी जाऊन अशा बायांची चौकशी करताना मेरीबाईंना घटसर्प झाला. त्या काळी तो जिवावरचा आजार. त्यातून उठल्या आणि १९०८ साली पार्लमेंटच्या समितीपुढे साक्ष द्यायला गेल्या. १९०९ मध्ये कायदा झाला. फार हलाखीच्या चार धंद्यांत सरकारी मंडळे नेमून किमान मजुरी ठरवायची असे त्यात होते. तयार कपडे, कागदी खोकी, यंत्रावरच्या लेसची शेवटची कारागिरी, आणि चौथा धंदा साखळ्यांचा.

साखळ्या म्हणजे लोखंडाच्या. इंग्लंडच्या मध्यभागी क्रॅडली हीथ म्हणून गाव आहे. जाड साखळदंड कारखान्यांत पुरुष करीत. बारीक साखळ्या बाया करीत, त्या घरामागच्या परसात, लहानशा पडवीत. भाता चालवायचा, सळई लाल करायची, तोडायची, वाकवायची, मागच्या कडीत ओवायची आणि हातोड्याने ठोकून सांधायची. दिवसभर हेच. तान्हे मूल तिथेच खोक्यात निजलेले, ठिणग्या उडताहेत. आपल्याकडे बाजाराच्या दिवशी पालाबाहेर घण मारणारी घिसाडीण मी लहानपणी पाहिली आहे, त्यामुळे हे चित्र माझ्या डोळ्यांपुढे लगेच उभे राहिले. आठवड्याला पन्नासावर तास राबून क्रॅडलीच्या बाईला मिळत पाच-सहा शिलिंग.

मंडळाने तासाला अडीच पेन्स दर ठरवला. म्हणजे आठवड्याची कमाई अकरा शिलिंगांच्या आसपास, जवळजवळ दुप्पट. पण कायद्यात एक फट होती. आम्ही सध्या जुन्या दराने काम करायला राजी आहोत असे कामकरणीने लिहून दिले तर मालकाला सहा महिने सूट. झाले! मालकांनी कागद काढले आणि अक्षरशत्रू बायांकडून खुणा करून घेतल्या. सही कशावर करतो हे न वाचता करू नये, असे आपल्या मंडळात बचतगटाच्या वेळी ताई का बजावतात ते हे वाचून चांगलेच पटते. ज्यांनी खूण करायचे नाकारले त्यांना मालकांनी लोखंडच देणे बंद केले.

ऑगस्ट १९१० मध्ये या बाया मेरीबाईंच्या शब्दावर अडून बसल्या. सुमारे आठशे बाया. त्यात पेशन्स राउंड नावाची ७९ वर्षांची म्हातारी होती. उभा जन्म तिने साखळ्या ठोकल्या होत्या. सुमारे दहा आठवडे हे चालले. मेरीबाईंची हुशारी अशी की, त्यांनी हे भांडण गावात कोंडून ठेवले नाही. वर्तमानपत्रवाल्यांना बोलावले, सभा घेतल्या, आणि त्या वेळी नवी असलेली हलती चित्रेही घ्यायला लावली. ती गावोगावच्या थिएटरांत दाखवली गेली. देशभरातून वर्गणी आली, ती चार हजार पौंडांच्या घरात गेली. ऑक्टोबर संपायच्या आत सगळ्या मालकांनी नव्या दराला मान्यता दिली. फंडात पैसे उरले. ते वाटून टाकले असते तरी कोणी बोलले नसते. पण बायांनी त्यातून गावात एक वास्तू बांधली. सभा घ्यायला, शिकायला, एकत्र जमायला. १९१२ मध्ये ती उघडली. आपल्या मंडळाला जागेसाठी किती वर्षे वणवण करावी लागली हे जिला ठाऊक आहे, तिला या गोष्टीची किंमत कळेल.

पुढच्या वर्षी, १९११ च्या कडक उन्हाळ्यात, लंडनच्या बर्मंडसी भागातल्या मुरंबे, बिस्किटे, लोणची करणाऱ्या कारखान्यांतून हजारो बाया आपण होऊन बाहेर पडल्या. संघ नाही, पुढारी नाही. मेरीबाई धावून गेल्या. एकवीस कारखान्यांपैकी अठरांत मजुरी वाढली. त्याच साली त्यांचे विल्यम अँडरसन यांच्याशी लग्न झाले. तेही मजूर चळवळीतले. पहिले मूल १९१३ मध्ये जन्मतःच गेले. १९१५ साली मुलगी झाली, नॅन्सी.

मध्यंतरी ४ ऑगस्ट १९१४ रोजी लढाई जाहीर झाली होती. आपल्याला वाटते की लढाई लागली आणि बायांना लगेच कामे मिळाली. तसे झाले नाही. आधी उलटेच झाले. श्रीमंतांनी नवे कपडे शिवायचे थांबवले आणि शिवणकामातल्या हजारो मुली घरी बसल्या. त्यातच राजघराण्यापासून साऱ्या थोरामोठ्यांच्या स्त्रिया सैनिकांसाठी हौसेने, फुकट शिवायला बसल्या. भावना चांगली, पण शिवून पोट भरणारीच्या ताटातला घास त्याने जात होता. हे मेरीबाईंनी स्पष्ट सांगितले. राणी मेरीच्या कानावर ते गेले. राणीने त्यांचे म्हणणे ऐकून घेतले, बेकार स्त्रियांना काम देण्यासाठी फंड निघाला आणि त्यासाठी नेमलेल्या समितीच्या मानद चिटणीस मेरीबाईच झाल्या. एक मेरी राजवाड्यातली, एक मेरी मजुरांची. पण तिथल्या कामाचे दर तासाला तीन पेन्स आणि आठवड्याला फार तर दहा शिलिंग असे ठरले, तेव्हा सिल्व्हिया पँकहर्स्ट यांनी कडाडून टीका केली, आणि मला ती टीका रास्त वाटते. ज्या बाईने साखळीवाल्यांना अकरा शिलिंग मिळवून दिले तिच्याच समितीने दहावर थांबावे हे खटकते. सरकारी समितीत बसले म्हणजे आपले सारेच चालत नाही, हे आहेच.

१९१५ पासून मात्र दारूगोळ्याची निकड लागली आणि बायांना बोलावणी सुरू झाली. बघता बघता चित्र पालटले. १९१४ साली ब्रिटनमध्ये मजुरी-नोकरी करणाऱ्या स्त्रिया सुमारे ५९ लाख होत्या, त्या १९१८ मध्ये ७३ लाखांच्या आसपास गेल्या. बस आणि ट्रामवर तिकिटे फाडणे, रेल्वेत हमाली, शेती, बँका, कचेऱ्या, सगळीकडे. दारूगोळ्यातच नऊ लाखांवर बाया. लंडनजवळच्या वुलिच येथील सरकारी कारखान्यात लढाईआधी बायांची संख्या नगण्य होती, तिथे पंचवीस हजारांहून अधिक बाया राबू लागल्या. यातल्या कित्येकजणी आधी घरकाम करणाऱ्या मोलकरणी होत्या. मालकिणीच्या घरी माडीवरच्या खोलीत राहायचे, आठवड्यात जेमतेम अर्धा दिवस सुटी. त्यापेक्षा कारखान्याची पाळी त्यांना मोकळी वाटली. पाळी संपली की आपण आपल्या.

पण ते काम काही फुलांचे नव्हते. टीएनटी नावाच्या स्फोटक भुकटीने हातपाय, तोंड हळदीसारखे पिवळे होई. लोक त्यांना पिवळ्या पाखरांच्या नावाने कॅनरी म्हणत. पुष्कळजणी त्या विषाने काविळीसारख्या आजाराने गेल्या. लीड्सजवळच्या बार्नबो कारखान्यात डिसेंबर १९१६ मध्ये रात्रपाळीला स्फोट होऊन ३५ बाया ठार झाल्या. वर आणखी कायदा असा की मालकाने दाखला दिल्याशिवाय काम सोडून दुसरीकडे जायचे नाही. मेरीबाईंचे रात्रंदिवस काम म्हणजे या बायांची गाऱ्हाणी घेऊन न्यायमंडळापुढे उभे राहणे. पुरुषाच्या जागी बाई काम करीत असेल तर नगावरचा दर पुरुषाइतकाच हवा, आणि आठवड्याला निदान एक पौंड हवा, हे सरकारकडून त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी लिहून घेतले. लेखी आणि पाळलेले यात अंतर राहिलेच. पण आगपेटीवाल्या बायांची मजुरी आठवली तर एक पौंड म्हणजे काय ते ध्यानात येईल.

आता मुख्य गाठ इथे आहे. पुरुषांचे संघ बायांना कामावर येऊ द्यायला तयार झाले ते एका अटीवर. लढाई संपली की पुरुषांच्या जागा पुरुषांना परत. यंत्रकाम करणाऱ्यांच्या मोठ्या संघाशी मेरीबाईंच्या महासंघाने १९१५ साली तसा करारच केला होता. बायांना संघात आणायला पुरुषांनी मदत करायची, आणि शांतता झाली की बायांनी जागा सोडायच्या. मेरीबाईंनी हे का कबूल केले? एक तर, रणांगणावर गेलेल्या माणसाची जागा बळकावायची हे त्यांच्या मनाला पटणारे नव्हते. दुसरे असे की, पुरुषांचा पाठिंबा नसता तर बायांना निम्म्या मजुरीत राबवून दोघांचीही मजुरी पाडायला मालक टपलेलेच होते. माझ्या मते त्या वेळी दुसरा मार्ग नव्हता. मात्र त्या करारात बायांनी जागा सोडल्यावर जायचे कुठे, याचे उत्तर नव्हते.

११ नोव्हेंबर १९१८ ला लढाई थांबली. कारखान्यांच्या फाटकांवर नोटिसा लागायला पंधरवडाही गेला नाही. त्याच महिन्यात महासंघाने काही हजार कामकरणींचा मोर्चा लंडनमध्ये पार्लमेंटवर नेला. त्यांचे मागणे, आम्हांला कामावर ठेवाच असे नव्हते. एकदम रस्त्यावर काढू नका, दुसऱ्या कामाची सोय करा, तोवर पोटाला द्या, एवढेच होते. सरकारने बेकारांसाठी भत्ता सुरू केला. पुरुषांना आठवड्याला २४ शिलिंग, बायांना २०. पुढे दोघांनाही पाच-पाच शिलिंग वाढवून दिले. पण काय झाले, बाई नोकरीच्या कचेरीत गेली की तिला मोलकरणीची जागा दाखवत, तीही कारखान्याच्या मानाने फारच थोड्या पगारावर. ती नाही म्हणाली की भत्ता बंद. वर्तमानपत्रांनी तर सूरच फिरवला. कालपरवापर्यंत ज्या मुलींची देशसेविका म्हणून छायाचित्रे छापत, त्याच आता आळशी, सरकारी पैशावर मजा मारणाऱ्या ठरल्या. मुली त्याच, हातही तेच! सुमारे साडेसात लाख बायांची कामे लढाईनंतर गेली. १९१९ च्या कायद्याने तर लढाईपूर्वीच्या पद्धती कारखान्यांत परत आणणे मालकांना बंधनकारकच केले.

जिचा नवरा परत आला आणि कमावू लागला तिला घरी जाणे गोडही वाटले असेल, नाही असे नाही. मी स्वतः गृहिणी आहे. घर सांभाळण्याला मी कमी लेखत नाही. परंतु त्या लढाईत ब्रिटनची सात लाखांवर माणसे मारली गेली. ज्यांचे नवरे आलेच नाहीत, ज्यांची लग्ने ज्यांच्याशी व्हायची ते गेले, त्या बायांनी कोणत्या घरी परत जायचे होते? मेरीबाई हेच विचारीत राहिल्या.

डिसेंबर १९१८ मध्ये निवडणूक झाली. स्त्रियांना प्रथमच मत मिळाले होते, पण तीस वर्षांवरील आणि काही अटी पुऱ्या करणाऱ्यांनाच. म्हणजे दारूगोळ्यात राबलेल्या बहुसंख्य मुलींना नाहीच! मेरीबाई पूर्वीपासून सांगत होत्या की द्यायचे तर सगळ्या सज्ञान माणसांना मत द्या, नाहीतर कामकरणीच वगळल्या जातील. तसेच झाले. त्या स्वतः साखळ्यांच्या मुलखाला लागून असलेल्या स्टरब्रिजमधून मजूर पक्षातर्फे उभ्या राहिल्या. देशभरात उभ्या राहिलेल्या स्त्रिया अवघ्या सतरा. तिथल्या अधिकाऱ्याने हट्ट धरला की मतपत्रिकेवर नाव नवऱ्याच्या नावाने, मिसेस डब्ल्यू. सी. अँडरसन असेच लागेल. ज्या नावाने पंधरा वर्षे बाया त्यांना ओळखत होत्या ते नावच चिठ्ठीवर नाही. तेराशेएक मतांनी त्या पडल्या. आपल्याकडे माहेरचे-सासरचे नाव यांच्या कागदपत्रांवरून किती फेऱ्या घालाव्या लागतात! इथे तर पार्लमेंटची जागा गेली असेल त्यापायी. यजमानही शेफील्डमधून पडले. लढाईला त्यांचा विरोध होता आणि लोकांचा तेव्हा राग होता.

दोनच महिन्यांनी, २५ फेब्रुवारी १९१९ रोजी, इन्फ्लुएंझाच्या साथीत अँडरसन वारले. हीच ती साथ, जिने आपल्या मुलखातही घरेच्या घरे रिकामी केली. नॅन्सी चार वर्षांचीही नव्हती. मेरीबाईंना दुःख करत बसायला सवड कुठली? त्याच वर्षीच्या शरद ऋतूत त्या मार्गारेटबाईंबरोबर अमेरिकेत वॉशिंग्टनला गेल्या. तिथे राष्ट्राराष्ट्रांच्या मजूर संघटनेची पहिली परिषद होती, आणि तिच्याच सुमारास कामकरी स्त्रियांचीही परिषद भरली. बाळंतपणाआधी सहा आठवडे आणि नंतर सहा आठवडे रजा, आणि त्या काळात आई-मुलाच्या पोषणापुरता भत्ता, असा ठराव त्या परिषदेने केला. लढाईने दाखवून दिले होते की बाई कारखान्यात असणार. मग तिचे बाळंतपणही कारखान्याच्या हिशेबात आलेच पाहिजे.

या परिषदेला हिंदी कामगारांच्या वतीने आपले नारायण मल्हार जोशी गेले होते. मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढणारे ते हेच. परत आल्यावर १९२४ मध्ये त्यांनी दिल्लीच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचे बिल आणले, ते नामंजूर झाले. पण १९२९ साली मुंबई इलाख्यात तसा कायदा झाला आणि गिरणीतल्या बायांना प्रथमच त्याचा आधार मिळाला. हिंदुस्थानात तसला तो पहिला. माझ्या आजेसासूबाई परळच्या गिरणीत वाइंडिंग खात्यात होत्या. माझे सासरे त्या भत्त्याच्या काळातले, असे घरात सांगतात.

१९२० मध्ये मेरीबाईंना कर्करोग झाल्याचे कळले. दोनदा शस्त्रक्रिया झाली. त्या काळात त्या आपला महासंघ पुरुष-स्त्रिया दोघांच्या एका मोठ्या संघात मिसळायच्या खटपटीत होत्या. बायांची चूल फार दिवस वेगळी राहू नये असे त्यांचे पहिल्यापासूनचे मत. १ जानेवारी १९२१ रोजी लंडनला त्यांनी देह ठेवला, आणि त्याच वर्षाच्या आरंभी महासंघही मोठ्या संघात विलीन झाला. त्या साली शिरगणती झाली, तेव्हा कमावत्या स्त्रियांचे प्रमाण दहा वर्षांपूर्वीपेक्षा किंचित कमीच भरले. म्हणजे मधल्या लढाईचे साल वहीतून पुसून टाकावे तसे! मात्र एक फरक राहिला. मोलकरीण व्हायला मुली पूर्वीसारख्या राजी होईनात. कचेरीत, दुकानात, हलक्या यंत्रांच्या नव्या कारखान्यांत त्या जागा शोधू लागल्या. लग्न झाले की नोकरी सोडायची ही सक्ती मात्र तिथल्या सरकारी नोकरीत १९४६ पर्यंत टिकली.

मार्गारेट बाँडफील्ड १९२९ साली ब्रिटनच्या मंत्रिमंडळातल्या पहिल्या स्त्री मंत्री झाल्या, तेही मजूर खात्याच्याच. मेरीबाई असत्या तर त्यांना केवढा आनंद झाला असता. पण १९३१ मध्ये, बेकारी भडकलेली असताना, याच मार्गारेटबाईंच्या खात्याने केलेल्या कायद्याने हजारो लग्न झालेल्या बायांचा बेकारभत्ता गेला. वर्गणी भरलेल्या बायांचा! मैत्रीण त्या वेळी जिवंत असती तर दोघींत काय बोलणे झाले असते, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

क्रॅडली हीथच्या बायांनी उरलेल्या वर्गणीतून बांधलेली ती वास्तू अजून आहे. रस्त्याच्या कामात ती जाणार असे ठरले, तेव्हा विटा सोडवून जवळच्या डडली येथील संग्रहालयात तशीच्या तशी पुन्हा उभी केली. त्याच आवारात भट्टी पेटवून, ऐरणीवर सळई ठोकून, लोकांना साखळी घडवून दाखवतात.